येशूने मला साइड दिली

गेल्या गुड फ्रायडेला मी येशूला हॉर्न मारला. एकदा नव्हे, तीनदा.

आमच्या धर्मग्रामात गुड फ्रायडेला जिवंत क्रुसाची वाट असते. चर्चच्या भिंतीवर चौदा चित्रं असतात, एरवी त्यांच्यासमोर उभं राहून प्रार्थना करायची; पण त्या दिवशी गावातली तरुण मुलं रोमन शिपाई होतात, एकजण येशू होतो, आणि सगळा लवाजमा भर उन्हात गावातून निघतो. शिपायांच्या डोक्यावर सोनेरी कागद चिकटवलेली पुठ्ठ्याची शिरस्त्राणं, हातात भाले, पायांत मात्र स्पोर्ट्स शूज. मला नेहमीप्रमाणे उशीर झाला होता. बायकोला स्कूटरवर मागे बसवलं आणि सुसाट निघालो. तलावापाशी वळलो तर रस्ताभर माणसं. आज काय दिवस आहे याचं तरी लोकांना भान असावं, असं पुटपुटत मी हॉर्न दाबला. गर्दी फाकली. परत दाबला. आणखी फाकली. तिसऱ्या हॉर्नला पुढचा माणूस थबकला. अंगात जांभळा झगा, कपाळावरून लाल रंग ओघळलेला. त्याने खांद्यावरचा क्रूस या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, कडेला सरकला आणि म्हणाला, "जा, अंकल."

ज्या क्रुसाच्या वाटेला वेळेवर पोचायचं म्हणून मी जिवाच्या आकांताने धावत होतो, तिलाच ओव्हरटेक करून मी चर्चपाशी सर्वांत आधी पोचलो. तिथे चिटपाखरू नव्हतं. बायकोही नव्हती. ती दुसऱ्या हॉर्नलाच उतरली होती.

ही गोष्ट आमच्या घरात वर्षभर निघत राहिली. पाहुणे आले की चहाबरोबर बिस्किटं आणि ही गोष्ट. त्यामुळे यंदाचा प्रायश्चित्तकाळ जवळ आला तेव्हा काय सोडायचं हे मला ठरवावंच लागलं नाही.

आमच्या वसईत या काळात प्रत्येकजण काही ना काही सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी सिगारेट, कुणी मालिका. पुष्कळजण दारू सोडतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर दिवस भरतात ४६, पण काळ मात्र ४० दिवसांचा, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गातलं दुसरं काही आठवत नसलेल्या माणसांनाही ही वजाबाकी तोंडपाठ असते.

"यंदा मटण सोडू नका," बायको म्हणाली. "मटण तुम्ही सोडता आणि महिनाभर डोकं आमचं खाता. त्यापेक्षा घाई सोडा."

मी कन्फेशनला गेलो. रांगेत उभ्याउभ्या पापांची उजळणी केली होती, ती एका दमात सांगून टाकली. जाळीपलीकडे थोडा वेळ शांतता. मग फादर म्हणाले, "तिसरं परत सांगा. ते पाप होतं की स्टेशनचं नाव?" मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "घाई हे तुमचं पाप नव्हे. घाईत तुम्ही कुणाला बघत नाही, ते पाप." प्रायश्चित्त म्हणून एकच प्रार्थना दिली, स्वर्गातल्या बापाची. एकदाच म्हणायची, पण अशी की प्रत्येक शब्दाला मी स्वतः हजर असेन. मी खूश झालो. एकदाच! एरवी दहा-दहा मिळतात. उठताना फादर हळूच म्हणाले, "आणि जरा लवकर सरका, मागे बावीस जण आहेत."

आता ही प्रार्थना सावकाश म्हणणं म्हणजे काय, हे ज्याने आमच्या घरची रोझरी ऐकली असेल त्यालाच कळेल. एका माळेत ५३ वेळा 'नमो मरिया' येतं. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. आमच्याकडे पहिला अर्धा संपायच्या आतच दुसरा अर्धा सुरू होतो आणि दुसरा संपायच्या आत पुढची प्रार्थना. मधल्या काही शब्दांना आमच्या तीन पिढ्यांत कुणी हात लावलेला नाही. शेजारच्या काकू ऑक्टोबर महिन्यात पुढे बसून माळ चालवतात तेव्हा नऊच्या मालिकेआधी पाचही रहस्यं आटोपून वर एका आजाऱ्यासाठी जादा प्रार्थना होते. पवित्र मरियेला हे सगळं ऐकू येत असेल याबद्दल मला शंका नाही. समजतही असेल, ती आई आहे.

असो. घाई सोडायची म्हणजे तयारी हवी. मी तयारीला लागलो. फोनवर एक ॲप घेतलं. ते दर दोन तासांनी मंद घंटा वाजवून 'श्वास घ्या' म्हणतं. एक वही आणली. तिच्यात पहाटे ५ ते ५.२० मौन, ५.२० ते ५.३५ शास्त्रवाचन, ५.३५ ते ५.४५ कृतज्ञता असे रकाने पाडले. पाचला शांत बसायचं तर साडेचारला उठायला हवं, साडेचारला उठायचं तर रात्री नऊला झोपायला हवं, नऊला झोपायचं तर आठला जेवायला हवं. म्हणून संध्याकाळी स्टेशनवरून घरी मी पूर्वीपेक्षा जास्त जोरात पळू लागलो. चौथ्या दिवशी कृतज्ञतेच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'सात मिनिटं शिल्लक'. बायकोने ती वही वाचली आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं फार सावकाश चालतं.

मग मी मूळ दुखण्यालाच हात घालायचं ठरवलं. विरार लोकल.

वसई रोड ते चर्चगेट हे अंतर जवळपास ५२ किलोमीटरचं. फास्ट गाडीला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. पंचवीस वर्षं मी ती फास्टच पकडत आलो. तिच्यात माझी उभं राहायची जागा ठरलेली आहे, माझ्या बरगडीत कुणाचं कोपर असणार तेही ठरलेलं आहे. त्याच डब्यात एक भजनी मंडळ आहे. टाळ, छोटी ढोलकी, आणि दरवाजाच्या दांड्यावर ठेका धरणारे एक वयस्कर गृहस्थ. गाडी भाईंदरच्या खाडीवरून धडधडत असते आणि हे लोक एकेका ओळीवर दोन-दोन मिनिटं रेंगाळतात, परत मागे जातात, तीच ओळ वेगळ्या चालीत घेतात. पोचायचं त्यांनाही साडेनवालाच असतं. मी त्यांच्याकडे आजवर त्रासिक चेहऱ्याने बघत आलो होतो. तो चेहराही यंदा सोडायला हवा होता, पण एका वेळी एकच.

सोमवारी मी फास्ट सोडून दिली आणि सगळ्या स्टेशनांवर थांबणारी स्लो पकडली. बसायला जागा मिळाली नाही, पण हात खिशात घालण्याइतपत जागा होती. मी ठरवलं की प्रत्येक स्टेशनला क्रुसाच्या वाटेतलं एकेक स्थान मनात आणायचं. इंग्रजीत त्यांना 'स्टेशन'च म्हणतात, तेव्हा रेल्वेची हरकत नसावी. नायगाव पहिलं. भाईंदर दुसरं. तिसरं मीरा रोड, येशू पहिल्यांदा पडतो. दहिसर, त्याची आई भेटते. बोरिवली पाचवं, सिमोन नावाचा वाटसरू त्याचा क्रूस उचलू लागतो. बोरिवलीला जी गर्दी आत घुसली तिने माझी बॅग उचलली ती मला कांदिवलीपर्यंत दिसली नाही. मालाड सातवं, गोरेगाव आठवं. आठव्या स्थानी तो रडणाऱ्या बायकांशी बोलायला थांबतो. हे माझ्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. माणूस मरायला निघालाय, मागे शिपाई आसूड घेऊन घाई करतायत, आणि हा रस्त्यात थांबून बायाबापड्यांची विचारपूस करतोय. मी असतो तर म्हणालो असतो, "ताई, नंतर बोलू, जरा गडबडीत आहे."

राम मंदिर नववं, जोगेश्वरी दहावं, अंधेरी अकरावं, पार्ले बारावं. बाराव्या स्थानी येशू प्राण सोडतो. तेराव्या स्थानी त्याला क्रुसावरून उतरवतात. आणि तेरावं स्टेशन आलं सांताक्रूझ, म्हणजे पोर्तुगीजमध्ये पवित्र क्रूस! माझ्या अंगावर काटा आला. मी डोळे मिटले. तेवढ्यात मागून उतरणाऱ्यांचा लोंढा आला आणि मलाही उतरवलं. प्लॅटफॉर्मवर उभा राहून मी गाडी जाताना बघत राहिलो. राम मंदिर स्टेशन २०१६ साली झालं. त्याआधी मोजलं असतं तर सांताक्रूझ बारावं आलं असतं. नुसता उतरलो ही त्या रामाचीच कृपा.

ऑफिसला पाऊण तास उशीर. साहेबांनी कारण विचारलं. प्रायश्चित्त, असं सांगितलं असतं तर त्यांनी आणखी दिलं असतं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे प्रवचनाला बाहेरगावचे एक फादर आले होते. त्यांनी कोसुके कोयामा या जपानी धर्मपंडितांबद्दल सांगितलं. हे कोयामा उत्तर थायलंडमध्ये मिशनरी होते, चिखलात म्हशींबरोबर राबणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये राहिले. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'थ्री माइल ॲन अवर गॉड'. ताशी तीन मैलांचा देव. माणूस पायी चालतो त्याचा वेग ताशी तीन मैल, आणि देव माणसावर प्रेम करतो म्हणून तोही याच वेगाने चालतो, असं त्यांचं म्हणणं. इस्राएल लोकांना एवढासा धडा शिकवायला देवाने वाळवंटात ४० वर्षं घेतली, ती काय उगीच?

मला प्रवचनात हिशेब करायची वाईट खोड आहे. तीन मैल म्हणजे पावणेपाच किलोमीटर धरा. देव वसईहून चर्चगेटला निघाला तर त्याला अकरा तास लागतील. सकाळी सातला निघाला तर संध्याकाळी सहाला पोचेल, म्हणजे ऐन परतीच्या गर्दीत. आणि पोचून बघेल तर काय, चर्चगेटला चर्चही नाही आणि गेटही नाही. मुंबईच्या कोटाला पूर्वी तटबंदी होती. तिचा एक दरवाजा सेंट थॉमस चर्चच्या दिशेने होता, म्हणून तो चर्च गेट. १८६० च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव उरलं. चर्च तेवढं १७१८ पासून आतल्या बाजूला उभं आहे. मुंबईचे जुने मैलाचे दगड याच चर्चपासून मोजलेले आहेत. म्हणजे अंतर मोजायला सुरुवात जिथून झाली त्या दारावरून मी पंचवीस वर्षं अंतर कापत पळतोय, आणि आत एकदाच गेलोय. तेही पाऊस होता म्हणून.

खरं तर घाई आमच्या धर्माला नवीन आहे. जुन्या कारभारात तिचा मागमूस नाही. आमच्या वसईचाच गोन्सालो गार्सिया बघा. हा जपानमध्ये गेला, फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं. ३० वर्षांनी, १६२७ मध्ये, रोमने त्याला धन्य घोषित केलं आणि संत केलं १८६२ साली. सगळे मिळून २६५ वर्षं फाइल टेबलावर. आमच्या तलाठी कार्यालयाला लोक उगाच नावं ठेवतात.

घंटेचंही तेच. दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला, चर्चची घंटा व्हायची आणि वाडीत पाणी लावणारा माणूस दांडपाट तसाच सोडून जागच्या जागी उभा राहायचा, असं माझे वडील सांगत. दिवस घंटेने कापलेला असायचा, त्याला रकाने पाडावे लागत नसत. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे, आणि नाशिकची नारोशंकराची घंटा तर म्हणीतच जाऊन बसली. म्हणजे आमच्या घाईचं खापर थेट पेशव्यांवर फोडायची सोय आहे. पण ती सोय घेता येत नाही, कारण चर्चमध्ये नव्या घंटा कधीच्याच आल्या आणि त्या वाजतातही. फक्त त्या वेळी माझ्या फोनचं ॲप 'श्वास घ्या' म्हणत असतं, त्यामुळे ऐकू येत नाहीत.

या निमित्ताने मी शुभवर्तमान पुन्हा काढून बसलो. यावेळी रकान्याशिवाय. वाचता वाचता माझ्यातला कारकून अस्वस्थ होऊ लागला. लाजरस आजारी असल्याचा निरोप येतो, तर येशू आहे तिथेच आणखी दोन दिवस राहतो. पोचतो तेव्हा लाजरसला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. तळ्यात वादळ उठलंय, होडीत पाणी शिरतंय, आणि हा मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. उशी! मार्कने ती उशी मुद्दाम लिहून ठेवली आहे. याइराची गोष्ट तर मला वाचवेना. बारा वर्षांची पोर शेवटच्या घटका मोजतेय, बाप पायाशी लोळण घेतोय, येशू निघालाय. आणि वाटेत, रेटारेटीत, 'माझ्या कपड्याला कुणी हात लावला?' म्हणून थांबतो. बारा वर्षं रक्तस्रावाने गांजलेली एक बाई असते. ती थरथरत पुढे येते, सगळी हकीकत सांगते, हा सगळी ऐकून घेतो. इकडे निरोप येतो, पोर गेली. त्या वेळी याइराचा चेहरा कसा झाला असेल, हे मला विरार लोकलमुळे नेमकं माहीत आहे. पुढे पोर उठते, हे खरं. पण मधली ती पाच मिनिटं!

बायकोला मी मार्था-मरियेची गोष्टही वाचून दाखवली. मार्था स्वयंपाकघरात धावपळ करते, मरिया पायाशी बसून ऐकते, आणि येशू मरियेची बाजू घेतो. बायको पापलेटला मसाला लावत होती. म्हणाली, "दोघी बसल्या असत्या तर त्यांना वाढलं कुणी असतं? तुम्ही आधी लसूण सोला, मग शुभवर्तमान सांगा." मी लसूण सोलला. दहा पाकळ्यांत माझा धीर संपला.

शेवटी तिनेच मला एका शनिवारी आत्याकडे पाठवलं. आत्या निर्मळच्या बाजूला राहते, ८१ वर्षांची आहे. तिच्या वाडीच्या तिन्ही बाजूंनी आता चार-चार मजली बिल्डिंगा आहेत, पण मधल्या तुकड्यात अजून राजेळी केळी आहेत, आणि आत्या अजून सुकेळी करते. "दोन पुडकी घेऊन या," बायको म्हणाली. मी धरलं होतं, पंधरा मिनिटांचं काम.

"अजून झाली नाहीत," आत्या म्हणाली. "आजचं ऊन खाऊ दे. बस."

अंगणात बांबूचा मांडव होता, त्यावर सोललेली केळी एकमेकांना न टेकता ओळीने मांडलेली. सहाव्या दिवसाची. कडेची मधाच्या रंगाची झाली होती, मधली अजून फिकट. आत्या एकेक केळं दोन बोटांनी उचलायची, चिकटलं असेल तर हलकेच सोडवायची, परतायची, आणि अंगठ्याने जरासं दाबून चपटं करायची. मग बोटं ओल्या फडक्याला पुसायची आणि पुढचं. दीडशे तरी असतील. मी म्हटलं, "आत्या, आता वाळवायची मशीन मिळते. सहा तासांत होतं."

"होतं," ती म्हणाली. "भाच्याने आणलं होतं. केळं वाळतं, सुकेळं होत नाही." आणि माझ्या हातात एक काठी दिली. "कावळे बघ."

मी कावळे बघितले. दोन तास. कावळ्याला घाई नसते, हे मला त्या दिवशी कळलं. तो समोरच्या बिल्डिंगच्या पाइपवर बसून मी फोन काढायची वाट बघत होता.

बाराला घंटा झाली. चर्च लांब आहे, वाऱ्यावर अर्धीच आली. आत्याचा हात केळं धरलेला तसाच थांबला. ती पुटपुटू लागली. मला एकदम माझं प्रायश्चित्त आठवलं. चार आठवडे झाले होते, म्हणायची राहूनच गेली होती. मी काठी भिंतीला टेकवली, डोळे मिटले आणि स्वर्गातल्या बापाला सुरुवात केली. एकेक शब्द. नाव, राज्य, इच्छा. खरंच सांगतो, प्रत्येकाला मी हजर होतो. भाकरीपर्यंत पोचलो आणि नाकावर एक थेंब पडला.

डोळे उघडले तर आत्या जागेवर नव्हती. ८१ वर्षांची बाई साडीचा ओचा खोचून मांडवाच्या त्या टोकाला पोचली होती आणि दोन्ही हातांनी सुपात केळी भरत होती. आभाळ पश्चिमेकडून काळं होऊन आलं होतं.

"अरे, उभा काय राहिलास खांबासारखा!" ती ओरडली. "भाकर मग माग, आधी केळी उचल!"

मी धावलो. आयुष्यात इतका कधी धावलो नव्हतो. चार सुपं, दोन ताटं, एक माझी ऑफिसची बॅग. तीन-चार मिनिटांत मांडव रिकामा झाला. आम्ही ओटीवर धापा टाकत बसलो. अवकाळीचे मोजून नऊ थेंब पडले आणि ऊन आलं.

आत्याने आभाळाकडे बघितलं, मग माझ्या बॅगेत बघितलं. कॅल्क्युलेटरला चिकटलेलं एक सुकेळं तिने अलगद सोडवलं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं.

"एक दिवस कमी पडतोय अजून," ती चघळत म्हणाली. "चल, मांड परत. आणि दोन बोटांनी धर, मूठ मारू नकोस."